टोकावरून उड्डाण

मुक्ता विमान शिकतेय, हे मालिनीताईंना पुण्यात फोनवर कळलं होतं. पण सून जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या इंजिनांवर काम करते, तेव्हा विमानाचंही काही डिझाइन-बिझाइन शिकत असेल, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. त्या मुलाकडे राहायला आल्यावर सप्टेंबरातल्या एका शनिवारी निहारने आईला लिंडनहाइमच्या विमानतळावर आणलं. तिथे आपली सून एका इवल्याशा विमानात चढताना दिसली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, गाडी चालवतेस ते पुरे नाही का?"

"आई, गाडीला ट्रॅफिक फार लागतं," मुक्ता हसून म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

लिंडनहाइम हा एकेकाळी अमेरिकन सैन्याचा तळ होता. लढाऊ विमानं गेली आणि मागे राहिली ती अडीच किलोमीटरची धावपट्टी आणि गवताखाली दडलेली काँक्रीटची कोठारं. त्यांत आता कुणी बटाटे साठवत होतं, कुणी कॅम्पिंगच्या गाड्या ठेवत होतं. तिथल्या फ्लाइंग क्लबच्या दोन सीटच्या विमानांना त्या पट्टीचा पाचवा हिस्साही पुरायचा. त्यामुळे टोकापर्यंत जायचा कंटाळा करून बहुतेक जण मधल्या फाट्यावरूनच उडायचे. मुक्ता मात्र दर वेळी विमान टोकापर्यंत न्यायची. "मुक्ता चालत फ्रँकफर्टला निघाली!" अशी क्लबातली मंडळी तिची चेष्टा करायची. तिला त्याचं काही वाटत नसे.

त्या दिवशी एक फेरी मारून झाल्यावर तिचे शिक्षक डीटर यांनी पट्टा सोडला आणि ते खाली उतरले.

"आल्झो, चला तर. आता तीन फेऱ्या. एकटीने."

मुक्ताने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. ही वेळ कधीची यायला हवी होती असंच तिला वाटलं. डीटरचं वजन गेल्यामुळे विमान टुणकन वर उठलं. खाली द्राक्षांचे मळे, लाल कौलं, चकाकणारी नदी. पहिल्यांदा ती जरा आपटून उतरली, दुसऱ्यांदा मात्र चाकं कधी टेकली ते तिचं तिलाही कळलं नाही.

तिसऱ्या फेरीला निघताना टॉवरमधला माणूस रेडिओवर म्हणाला, "मधूनच निघालात तर चालेल का? मागे एक जण खोळंबलाय. पट्टी तुम्हाला भरपूर आहे."

"नाही, मी टोकावरूनच निघते."

"जा, जा, माहीत होतं मला," तो म्हणाला.

विमान पाच मजली इमारतीइतकं वर गेलं असेल-नसेल, इंजिनाने ठसका दिला. लगेच दुसरा. मग आवाज असा बसला, की दिवसभर इंजिनं ऐकणाऱ्या मुक्ताला इंजिन बंद पडतंय हे दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. विचार करायच्या आधी तिच्या हाताने नाक खाली केलं. वळायचं नाही, समोर बघायचं. समोर पट्टी होती, आणि अजून चिक्कार होती. तिने वेग सांभाळला, चाकं टेकवली, विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं. पट्टी संपायच्या बऱ्याच आधी ते निमूट उभं राहिलं. तिने इंधन बंद केलं, बॅटरी बंद केली, आणि मग मोठा श्वास सोडला.

अग्निशमनची गाडी आणि डीटर एकदमच पोचले. कार्ब्युरेटरमधला, इंधनाची पातळी राखणारा फ्लोट अडकला होता. मेकॅनिकने तो बाहेर काढल्यावर मुक्ताने आधी हातात घेऊन उलटसुलट न्याहाळला.

"ही तिसरी फेरी मी धरतो," डीटर म्हणाले. "याहून चांगली परीक्षा मी घेऊच शकलो नसतो."

"फेरी कुठे झाली? मी तर सरळच गेले. दुसरं विमान मोकळं आहे ना?"

डीटरनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पंधरा मिनिटं बस, पाणी पी. मग सांग."

कुंपणापाशी निहार पांढराफटक पडला होता. "आज राहू दे, मुक्ता. आईचा तरी विचार कर."

मालिनीताईंनी सुनेचे दोन्ही हात घट्ट धरले. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूसही नव्हता, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं.

"परत कधीतरी जाणारच आहेस ना तू?"

"हो, आई."

"मग आत्ताच जा. घरी गेल्यावर विचारलंस तर मी नाहीच म्हणेन."

"आई!" निहार ओरडला.

"तू गप्प बस रे. मघाशी तिने काय केलं ते पाहिलंस ना? मग झालं तर."

मुक्ता दुसऱ्या विमानात बसली. ते कसून तपासलं, टोकापर्यंत नेलं आणि उडवलं. या खेपेला रेडिओवरून कुणी घाई केली नाही. वरून तिला कुंपणाजवळ निळी साडी दिसली. मालिनीताई हात हलवत नव्हत्या, नुसती मान वर करून विमानाबरोबर वळत होत्या. मुक्ताने पूर्ण फेरी घेतली आणि अलगद उतरली.

ती खाली उतरते तोच डीटरनी मागून येऊन बादलीभर गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. एकटीने पहिल्यांदा उडणाऱ्याचं असंच स्वागत करायची तिथली पद्धत. सगळा क्लब टाळ्या वाजवू लागला.

"अहो, हे काय! सर्दी होईल तिला!" मालिनीताई शुद्ध मराठीत डीटरवर कडाडल्या आणि पदराने सुनेचं डोकं पुसायला धावल्या. डीटरना शब्द एकही कळला नाही, पण त्यांनी मुकाट्याने बादली खाली ठेवली.