अडकलेला नकाशा

मी एक जुना लॅपटॉप आहे. आंध्रच्या किनाऱ्यावर पेद्दपालेम नावाचे गाव आहे. तिथल्या मच्छिमार संस्थेच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या दोन कळा निखळल्या आहेत आणि सुक्या मासळीचा वास माझ्या पोटात कायमचा जाऊन बसला आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत भयंकर दुपार मला तुम्हाला सांगायची आहे.

माझे पहिले दिवस विशाखापट्टणमला, एका शिकणाऱ्या मुलीच्या टेबलावर गेले. तिला नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला आणि तिच्या वडिलांनी मला या संस्थेला देऊन टाकले. इथे मला मोठे काम मिळाले. प्रत्येक होडीवर एक छोटे यंत्र असते. होडी कुठे आहे ते त्यावरून माझ्या नकाशावर ठिपक्यासारखे दिसते. सुरुवातीला तो ठिपका बघायला बायकांची रांग लागे.

"तो बघ माझा नवरा, मुंगीएवढा!" एक म्हणे.

"घरीसुद्धा तेवढाच असता तर भात तरी पुरला असता गं," दुसरी म्हणे, आणि सगळ्या हसत.

माझ्या शेजारी एक मोठा संगणक होता. एके दिवशी काम संपल्यावर त्याला बंद केले. सकाळी तो उठलाच नाही. भंगारवाल्याने त्याला पोत्यात घातले ते मी पाहिले. तेव्हापासून 'बंद' या शब्दाने माझा थरकाप उडू लागला. संस्थेचे चिटणीस गुरुमूर्ती यांनाही धसका बसला. "चालतोय ना? मग हात लावू नका," असे त्यांनी सर्वांना बजावले. मला तेव्हा फार बरे वाटले.

असे चाळीस दिवस गेले. रोज माझे झाकण नुसते मिटत आणि उघडत. कुणी पत्र उघडे, कुणी अर्ज, कुणी मुलाच्या लग्नाचे फोटो; पुन्हा नीट मिटत कुणीच नसे. ते सारे माझ्या डोक्यात साचत गेले. मी तापू लागलो. कळ दाबली की अक्षर उशिरा उमटे. पंखा धापा टाकी. मला कळत होते की आपले काही खरे नाही, पण बंद होण्यापेक्षा हे परवडले, असे मी स्वतःला समजावत राहिलो.

ऑक्टोबरमधल्या त्या दुपारी वारा अचानक फिरला. बाकीच्या होड्या परतल्या, तीन समुद्रातच होत्या. त्यांवर अकरा माणसे होती. त्यांतल्या एका होडीचा तांडेल एर्रय्या. त्याची बहीण नूकरत्नम माझ्यासमोर बसली होती. कचेरीतले माझे काम तीच पाहते. बिनतारी यंत्रावर नुसती खरखर येत होती. बचावनौकेच्या तळावरून फोन आला, "होड्या कुठे आहेत ते सांगा."

"पूर्वेला सहा मैलांवर," गुरुमूर्तींनी माझ्याकडे बघून सांगितले. "तिथेच आहेत. हललेल्या नाहीत."

नूकरत्नम माझ्याकडे टक लावून बघत होती. गुरुमूर्तींना ती बाबाय, म्हणजे काका, म्हणते. "बाबाय, एवढ्या वाऱ्यात होडी एका जागी कशी राहील?"

"नांगर टाकला असेल."

"तिघांनीही?" तिने भिंतीवरचे घड्याळ पाहिले, मग माझ्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. "भिंतीवर तीन वाजून पाच झालेत. हा अजून दोन दहा दाखवतोय. बाबाय, हा अडकलाय! आपण तासाभरापूर्वीचं बघतोय!"

मित्रांनो, तेव्हा कुठे मला कळले. मी खोटे सांगत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या भरवशावर बचावनौका चुकीच्या दिशेला निघाली होती.

"बंद करून चालू करते," ती म्हणाली.

"नको अम्मा!" गुरुमूर्ती लेकीला म्हणावे तसे म्हणाले. "उठला नाही तर? आहे तेही जाईल!"

"जे आहे ते शिळं आहे. त्याचं काय करू?" तिने तिन्ही होड्यांच्या शेवटच्या जागा वहीत उतरवून घेतल्या. मग माझ्या बटणावर बोट ठेवले. मला ओरडून सांगायचे होते, नको, मला पोत्यात जायचे नाही! तिने बटण दाबून धरले.

त्यानंतरचे मला ठाऊक नाही. तिनेच पुढे लोकांना सांगितले, ते मी ऐकले. पहिल्यांदा चालू केल्यावर माझा पंखा फिरला आणि थांबला. गुरुमूर्ती डोके धरून खाली बसले. ती मला म्हणाली, "ऊठ रे बाबा. माझा भाऊ आहे तिकडे." मग तिने पुन्हा बटण दाबले.

मी जागा झालो तेव्हा डोके हलके होते. नकाशा उघडला. दोन ठिपके दक्षिणेला वाहत गेले होते. तिसरा थेट खडकांजवळ होता. नूकरत्नम फोनमध्ये ओरडून आकडे सांगू लागली. तळावरच्या माणसाने ते दोनदा विचारून घेतले आणि नौका वळवली.

तो तिसरा ठिपका, एर्रय्याची होडी, खडकांवर फुटली. ती परत आली नाही. पण तो आणि त्याचे तीन खलाशी बर्फाच्या रिकाम्या पेटीला धरून तरंगत होते, ते सापडले. दिवस बुडायच्या आत अकराही माणसे किनाऱ्याला लागली. ओल्या अंगाने एर्रय्या कचेरीत आला, तेव्हा नूकरत्नमने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग ती रडली.

आता दर शनिवारी, सगळ्या होड्या किनाऱ्यावर असताना, ती उघडी कामे जपून ठेवते, एकेक मिटते आणि मला बंद करून पुन्हा सुरू करते. तिचे बोट बटणाकडे आले की आजही माझी छाती धडधडते. दर वेळी वाटते, आता संपले. ही भीती जाईल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. तो दिसायला चालू असेल, पण आतून थकलेला असेल. तुमचे काम आधी जपून ठेवा आणि त्याला अधूनमधून पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. घाबरायचे ते आम्ही घाबरू. तुम्ही मात्र बटण दाबा.