भागीरथीबाईंचा आवाज

भागीरथीबाईंनी जाळीचं दार अर्धंच उघडलं आणि कडी हातात धरून ठेवली.

"परत आलीस?"

"तुम्ही बोलेपर्यंत येणार, मावशी," नव्या म्हणाली आणि चपला काढून मोकळी झाली. चपला काढलेल्या माणसाला दारातून परतवणं म्हैसूरच्या अग्रहार पेठेतल्या बाईच्या जिवावर येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरची माणसं तिला घोरपड म्हणत ते काही उगाच नाही.

आरोग्याविषयीच्या अफवा कशा पसरतात आणि कशा थोपवायच्या, यावर नव्याने बारा वर्षं संशोधन केलं होतं. परिषदांमधून टाळ्याही घेतल्या होत्या. आणि आता तिच्याच मराठी रंगारी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ऑडिओ मजेत फिरत होता: मेथीचं पाणी प्या, बीपीच्या गोळ्या सोडा, आमच्या ह्यांनी सोडल्या, ठणठणीत आहेत. आवाज भागीरथीबाईंचा. म्हैसूरच्या रंगाऱ्यांच्या घरातली कानडी मिसळलेली मराठी, आणि वर्षानुवर्षं भजनात ऐकलेला गळा. नव्याने डॉक्टरांचे कन्नड व्हिडिओ टाकले. लोकांनी त्यांना हात जोडले आणि मेथी भिजत घातली. के. आर. नगरच्या गुंडुरावांनी गोळ्या बंद केल्याचं कालच कळलं होतं. त्यांना एक झटका आधीच येऊन गेला होता. दुसऱ्याची वाट बघत बसायची नव्याची तयारी नव्हती.

आत पलंगावर दामोदरराव पडले होते. उजवं अंग गेलेलं. ऑडिओनंतर महिन्याभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. समाजात मात्र न्हाणीघरात घसरून पडले असं सांगितलं होतं. खरं काय ते भागीरथीबाईंनी गेल्या खेपेस रडत रडत एकट्या नव्याला सांगितलं होतं. नवऱ्याच्या गोळ्या त्यांनीच लपवल्या होत्या.

"गोळी सोडू नका, एवढंच बोला," नव्या म्हणाली. "कारण सांगू नका."

"सुम्ने, उगाच बोलून काय? तू बोललीसच की. कोण ऐकलं?" भागीरथीबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "कारण सांगितलं तर बायका म्हणतील, नवऱ्याला हिनंच पाडलं. देवळात तोंड कसं दाखवू?"

नव्या उठली नाही; तिथेच मांडी घालून बसली.

दामोदररावांनी डावा हात पुढे केला. उशाशी पडलेल्या बायकोच्या फोनकडे बोट दाखवलं.

"मी... बोलतो."

नव्याने रेकॉर्डिंग सुरू करून फोन त्यांच्या तोंडाशी धरला. प्रत्येक शब्द त्यांना ओढून काढावा लागत होता.

"मी दामोदरराव. गोळी... मीच सोडलो. ही नको म्हणत होती. माझं अंग गेलं. तुम्ही... सोडू नका. हिला बोल लावू नका."

नव्याचे डोळे भरून आले. आणि तशाच भरल्या डोळ्यांनी तिच्यातल्या संशोधिकेने हिशेबही केला. हे लोक ऐकतील. गुंडुराव तर नक्की ऐकतील. ही थाप आहे हे तिला माहीत होतं; पण इतकी कामाची थाप आजवर तिच्या हाती कधी लागली नव्हती. तिचा अंगठा पाठवायच्या खुणेकडे सरकला.

"थांब," भागीरथीबाई म्हणाल्या. "ते पुसून टाक."

"साकु गं," दामोदरराव पुटपुटले. पुरे, जाऊ दे.

भागीरथीबाईंनी ऐकलं नाही. फोन हातात घेतला, पदर नीट केला आणि भजनाला सुरुवात करताना लावत त्याच आवाजात बोलल्या.

"मी भागीरथी. मागचं सगळं मी खोटं सांगितलं. हे गोळी मागत होते, मी लपवून ठेवली. ह्यांचं अर्धं अंग गेलं. न्हाणीत पडले नाहीत. गुंडुराव, ऐकता ना? आजच्या आज डॉक्टरकडे जा. गोळी परत सुरू करा."

त्यांनी स्वतःच पाठवून दिलं. दामोदररावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नव्याने काही बोलायला तोंड उघडलं, पण भागीरथीबाईंनी तिला हातानेच गप्प केलं.

"जगले लोक, तर शिव्या द्यायला येतील," त्या म्हणाल्या. "येऊ देत."