देवाला दिलेला ड्रम

चर्चच्या वॉटर कूलरमागे अर्धा शिरून फ्रिज मेकॅनिक नट सोडवत होता, तेव्हा त्याच्या पायांशी कुणीतरी खाकरलं.

"मास्तर, आधी देवासमोर वचन द्या, कुणाला सांगणार नाही."

मेकॅनिकला चर्चमध्ये सगळे मास्तर म्हणत, कारण रविवारी तो वयात आलेल्या पोरांचा वर्ग घ्यायचा. आठवडाभर गार करायचं आणि रविवारी तापवायचं, असं त्याची बायको म्हणे. त्याने नट दातांत धरून, आतूनच वचन देऊन टाकलं. माणूस अडकलेला असला की असल्या गोष्टी पटकन होतात.

बाहेर येऊन बघतो तर रंगारी. वादळचा बाप.

वादळ म्हणजे चर्चचा ड्रम वाजवणारी पोरगी. तिचा हात बघून कुणीतरी ठेवलेलं नाव तिला चिकटलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मेकॅनिकने वर्गात शिकवलं होतं, की देवाला उरलंसुरलं देऊ नका, ज्यात जीव अडकलाय ते द्या आणि दिलेला शब्द पाळा. एका पोराने मोबाइल सोडला आणि मंगळवारी पुन्हा धरला. वादळने मात्र उभं राहून सांगितलं, "बाबांची दारू सुटली तर मी ड्रमला हात लावणार नाही." पुढच्याच रविवारी रंगाऱ्याने जाहीर केलं, सुटली. टाळ्या पडल्या आणि ड्रमवर चादर पडली. तेव्हापासून गाणी इतकी रेंगाळत, की शेवटच्या कडव्यापर्यंत म्हाताऱ्यांची झोप पुरी होई. वादळची बोटं मात्र गुडघ्यावर थडथडत. मग ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसे.

"सुटली नाही, मास्तर," रंगारी म्हणाला. "एक दिवससुद्धा नाही. अंगाला रंगाचा वास असतो ना, त्यात खपून जातं."

मेकॅनिकने पाना पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"मग पोरीला सांगा."

"सांगितलं तर ड्रम मिळेल तिला. पण बाप जाईल." तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हीच सांगा ना, देव एवढा हट्टी नसतो म्हणून. तुमचं ऐकते ती."

"मी वर्गात नेमकं उलटं शिकवलंय."

"तेच तर म्हणतोय."

रागाचा लवलेश नव्हता. घेतलेली वस्तू नासकी निघाली, की माणूस दुकानदाराला सांगतो, तसं त्याने सांगितलं.

रविवारी वर्ग सुटल्यावर वादळ खुर्च्या एकात एक रचत होती. मेकॅनिक उगाच तिच्या मागे मागे फिरला.

"वचन देताना माणूस घाई करतो गं कधीकधी. देव समजून घेतो."

"मास्तर, देवाशी घासाघीस करायची नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरा. पण समजा, अटच पुरी झाली नसली, तर वचन लागू होत नाही." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

वादळने हातातली खुर्ची खाली ठेवली. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही, त्याचीच त्याला धास्ती वाटली.

"बाबा आले होते तुमच्याकडे?"

मेकॅनिक भिंतीकडे बघत राहिला. भिंतीकडे बघायचं नाही, असं काही वचन त्याने दिलं नव्हतं.

"आमचं घर एका खोलीचं आहे, मास्तर. रंगाचा वास कुठला आणि तो कुठला, हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय."

"मग वाजव की, बाई."

"मी वाजवलं की त्यांना कळेल, मला कळलंय. आता निदान लपवतात. लपवायचं म्हणून कमी पितात, वेळेवर घरी येतात, जेवताना माझ्याशी बोलतात. उघडं पडल्यावर कशाला लपवतील?"

मेकॅनिकने तिने खाली ठेवलेली खुर्ची उचलून ढिगावर चढवली.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "देवासमोर."

मेकॅनिकने मान हलवली.

दाराशी रंगारी आला. ओले केस चापून बसवलेले, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं.

"झाला का वर्ग?"

"झाला, बाबा," ती इतक्या मोकळेपणाने म्हणाली, की तिला काहीच ठाऊक नाही असं मेकॅनिकलाही क्षणभर वाटलं.

दोघं पायऱ्या उतरले. बाप एकेक पायरी मोजल्यासारखा, ताठ. वादळ त्याच्या बाजूने, जरा मागे, दोन्ही हात सावरायला मोकळे ठेवून.