विष उतरवणारा डबा

"अगं बाई!" सगळ्या एकदम ओरडल्या.

धाकटीच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका सोफ्याच्या हातांवर बसलेल्या, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेल्या, एक तर चपलांच्या कपाटावर चढून बसलेली. आणि मधल्या टेबलावर, घरोघर हिरवे डबे विकत फिरणाऱ्या माईंनी नुकताच चमत्कार केला होता. साध्या प्लास्टिकच्या वाटीत, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं पाणी माईंच्या बाटलीतले दोन थेंब पडताच गुलाबी झालं होतं, आणि माईंच्या हिरव्या डब्यातलं पाणी होतं तसंच स्वच्छ राहिलं होतं.

"बघितलंत?" माईंनी वाटी सगळ्यांसमोरून फिरवली. "हे विष! हे रोज नवऱ्याच्या पोटात जातं, पोरांच्या पोटात जातं. आणि मग तुम्ही म्हणता, नवरा चिडचिड का करतो, पोरगं अभ्यासाला का बसत नाही! बसेल कसं? आतून गुलाबी झालंय ते!"

हसू यावं असं बोलणं, पण कुणी हसलं नाही. मी दाराशी उभी होते. मला कुणी बसही म्हटलं नाही.

आता आडपडदा कशाला ठेवू? मी जळत होते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, आमच्या समोरच्याच घरात राहते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पूर्वी कुणाच्या साडीला डाग पडला, कुणाच्या नळाला पांढरा थर बसला, की बेल माझ्या दाराची वाजायची. धाकटी लग्न होऊन आली, गोड बोलली, चहा पाजला, आणि सगळा राबता समोर गेला. त्यात तिने माईंना घरी बोलावलं, मग तर विचारूच नका. आमच्या सासूबाई माझ्या हातचं खाऊन इतक्या वर्षांत "बरंय" याच्या पुढे गेल्या नाहीत. परवा त्याच बाई धाकटीकडच्या हिरव्या डब्यातली भाजी खाऊन म्हणाल्या, "आज चव काय उतरलीय म्हणून सांगू!" भाजी माझी होती. धाकटीने फक्त गरम केली होती!

या सगळ्या वेडाचं मूळ एका शब्दात होतं. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नका, त्यातली रसायनं अन्नात उतरतात." बाई बोलल्या ते अगदी बरोबर. पण "उतरतं" म्हटलं की आपल्या कानांना बरं वाटतं. ताप उतरतो, सूज उतरते, राग उतरतो, साप चावलेल्याचं विष उतरतं. उतरलं की माणूस सुटला! माईंनी हे बरोबर हेरलं.

"तुमच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, उतरतं म्हणून?" त्या प्रत्येक घरात म्हणायच्या. "त्यांनी दुखणं सांगितलं, आता माझा उतारा घ्या. हा विष उतरवणारा डबा! अन्नातलं सगळं विष स्वतःच्या अंगात ओढून घेतो. हात लावून बघा, कसा तापतो! तुमच्यासाठी तापतो बिचारा."

आणि बायका त्या बिचाऱ्या डब्याला हात लावून डोळे पुसत. खरंच सांगते, पुसत!

सगळ्या पांगल्यावर मी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. ती माझ्या पुतणीचं दूध त्याच हिरव्या डब्यात ओतत होती. पोरगी वर्षाची, नुकती उभी राहायला लागलेली, माझा पदर धरून उभी होती. धाकटीचं बाकी सगळं मला खुपतं, पण या पोरीपुढे माझं काही चालत नाही.

"तिचं दूध यात नको तापवूस गं," मी म्हटलं.

"का?"

"अन्न तापायला हवं, डबा नाही. चांगलं भांडं स्वतः फारसं तापत नाही. हा तर चटके देतो. म्हणजे सगळा मार यालाच बसतोय, आणि असा तापला की याचंच काहीतरी दुधात उतरायचं."

"ताई, तो विष ओढून घेतो म्हणून तापतो. माईंनी सांगितलंय." तिने दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दार लावलं आणि माझ्याकडे वळली. "रागावू नका, पण स्पष्ट बोलते. माझ्याकडे चार माणसं येतात ते तुम्हाला बघवत नाही."

मी पोरीच्या मुठीतून पदर सोडवला आणि निघाले. खरंच बघवत नव्हतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. लोक म्हणतील, मोठी जळते." म्हणजे मी जळते म्हणून डबा चांगला! हा कुठला हिशेब? आणि माझी अब्रू सांभाळायची म्हणून त्या पोरीने ते दूध पीत राहायचं?

पुढच्या वेळी माई आल्या तेव्हा मी दाराशी न थांबता सरळ टेबलाजवळ जाऊन उभी राहिले, काचेचा एक वाडगा घेऊन. तो गुलाबी रंग माझ्या ओळखीचा होता. दहावीची पोरं प्रयोगशाळेत हा रंग दरवर्षी काढतात, आणि त्यातली निम्मी तो माझ्या टेबलावर सांडतात. आज मला फक्त माईंचे हात बघायचे होते.

माईंच्या पिशवीतून दोन फडकी निघाली. पांढऱ्या फडक्याने त्यांनी प्लास्टिकची वाटी आतून खसाखसा पुसली. "आधी भांडं कोरडं करून घ्यावं. नाहीतर म्हणाल, माईंनी काहीतरी लावलं!" सगळ्या हसल्या. मग हिरव्या फडक्याने हिरवा डबा पुसला. "याचा मान वेगळा, म्हणून याचं वस्त्रही वेगळं."

"माई, एक शंका विचारू का?" मी म्हटलं.

धाकटीने कपाळाला हात लावला. सासूबाई पुटपुटल्या, "झालं हिचं सुरू."

"विचारा की. अज्ञान विचारल्यानेच जातं," माई म्हणाल्या.

"विष कधी उतरतं? वाटी गरम झाल्यावरच ना?"

"अर्थात! गार वाटीतून कसं उतरेल?"

"मग आज पाणी गरमच करू नका. तसंच गार ओता आणि थेंब टाका. पाणी स्वच्छच राहायला हवं, बरोबर?"

माईंचा हात बाटलीवरच थांबला. पण सासूबाईंनाच ते पटलं. "बरोबर आहे. गरमच नाही केलं तर विष येईल कुठून? टाका हो थेंब."

"मी नाही टाकणार, माईही नाही," मी म्हटलं. "धाकटे, तू टाक."

धाकटी रागाने लाल झाली होती. मला खोटं पाडायलाच ती पुढे आली. गार पाणी ओतलं, थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं.

"अगं बाई," चपलांच्या कपाटावरची म्हणाली.

"आता हा माझा काचेचा वाडगा. यात प्लास्टिक नावालाही नाही. पांढऱ्या फडक्याने पूस, पाणी ओत, थेंब टाक."

वाडगाही गुलाबी झाला. माई मोठ्याने बोलायला लागल्या, "शंकेखोर माणूस समोर असला की काचेलाही दोष लागतो! मन शुद्ध नसेल तर..."

"मन माझं अशुद्धच आहे हो माई!" माझाही आवाज चढला. "मी हिच्यावर जळते. हिच्याकडे माणसं येतात म्हणून जळते, सासूबाई हिचं कौतुक करतात म्हणून जळते. लपवत नाही. पण फडक्याला सोडा मी नाही लावला! धाकटे, माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. तुझा हिरवा डबा घे, पांढऱ्या फडक्याने पूस, आणि बघ."

धाकटीने पांढरं फडकं उचललं. मग तिने तेच केलं. हिरव्या डब्यातलं पाणी थेंब पडताच गुलाबी झालं, वाटीपेक्षाही गडद.

मीच सगळ्यांना समजावून सांगितलं. पांढरं फडकं धुण्याच्या सोड्यात भिजवून वाळवलेलं होतं. भांडं पुसलं की सोडा भांड्याला लागतो. हे थेंब सोड्यात गुलाबी होतात, बस्स. प्लास्टिकमधून जे उतरतं ते या थेंबांना दिसतसुद्धा नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही, म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी सांगावं लागतं.

मग धाकटीने आपणहून मायक्रोवेव्ह उघडला. आत तिचा हिरवा डबा रिकामाच ठेवला आणि शेजारी माझ्या वाडग्यात पाणी. मिनिटभराने बाहेर काढलं. वाडग्यातलं पाणी कोमट होतं आणि डब्याने तिला चटका दिला. "पाण्यातलं विष ओढायला पाणी तर त्यात नव्हतंच," ती हळूच म्हणाली. "मग हा तापला कशाने?" तिने पोरीकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

माई पिशवी भरत होत्या. त्यांना कुणी अडवलं नाही, आणि निरोपही कुणी दिला नाही.

"पण माझ्या डब्याखाली मायक्रोवेव्हची खूण आहे," कपाटावरची म्हणाली. "तो तरी चालेल ना?"

"त्या खुणेचा पक्का अर्थ एवढाच, की डबा वितळणार नाही, वाकणार नाही. तिचाही ताईत करू नका. उष्णता सोसणारी काच घ्या, नाहीतर सोनेरी काठ नसलेली चिनी माती. झाकण सैल ठेवा. चरे पडलेलं, डाग धरलेलं प्लास्टिक मायक्रोवेव्हपासून लांबच ठेवा. यात मंत्र नाही, मुहूर्त नाही."

संध्याकाळी बेल वाजली. दारात धाकटी, कडेवर पोरगी. डोळे सुजलेले. "ताई, तो वाडगा देता का? दूध कोमट करायचंय." मी वाडगा दिला. ती जाईना. "इतके दिवस मी तिला त्यातच दिलं," म्हणाली आणि रडायला लागली. मी पोरीला घेतलं आणि धाकटीला आत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे, फक्त ते भांडं बंद करा.

आता पुढचं ऐका. धाकटी हल्ली घरोघरी जाऊन दोन फडक्यांचा प्रयोग करून दाखवते. गोड बोलते, सुरेख करते. सगळ्या टाळ्या वाजवतात. सासूबाई सांगत सुटल्यात, "आमच्या धाकटीने त्या माईला पकडलं!" माझं नावसुद्धा कुणी घेत नाही. माझा नुसता जळफळाट होतो!

म्हणून तुम्हालाही तेच सांगते. मी कशी आहे, धाकटी कशी आहे, माई किती गोड बोलतात, ते बघू नका. कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, फडकी बदला आणि पुन्हा करा. स्वतःच्या हाताने करा. आपलं लेकरू जे पिणार आहे, ते कुणाच्या शब्दावर गरम करू नका. माझ्यासुद्धा.