फौजदाराची पाव भाकर

"हे पिवळं काय आहे?" सलील साहेबांनी गंजीच्या पायथ्याचा चिमूटभर कापूस दोन बोटांनी उचलून विचारलं.

साहेब महागावच्या खरेदी केंद्रावरचे ग्रेडर. कापसाचा रंग बघून त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. ते इतकं अंगात भिनलं होतं की चहाही ते आधी उजेडात धरून बघत.

"कवडी दिसतो. पार डागी."

"कवडी नाई साहेब," झाडणारी नलू म्हणाली. "ते फौजदारानं ओकलं."

साहेबांनी कापूस सोडला. बोटं मात्र तशीच हवेत राहिली.

फौजदार हा चौकीदार उकंडाचा कुत्रा. आठवड्यात चौथ्यांदा त्याने हे केलं होतं. पहाटे पाचच्या सुमारास तो अंग आकसायचा, कापसावर पिवळा फेस टाकायचा आणि काम उरकल्यासारखा शेपूट हलवत फाटकाकडे जायचा.

"गुरुवारपर्यंत थांबलं नाही, तर राजूरला जाणाऱ्या ट्रकमध्ये बसवून दे त्याला," साहेब म्हणाले. "तिथं कोळसा असतो. हवं तेवढं ओकू दे."

साहेब बोटं धुवायला गेले. नलू म्हणाली, "उकंडाभाऊ, फाटकापाशी बांध ना त्याले रातच्याले. काहून गंजीपाशी निजवतं?"

उकंडा काहीच बोलला नाही. नलूला वाटलं, राग आला. राग नव्हता, ती उजव्या बाजूला उभी होती. उकंडाचा उजवा कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता आणि डावा मागच्या दिवाळीपासून निघायच्या तयारीत होता. चौकीदाराला ऐकू येत नाही, हे केंद्रावर एकट्या फौजदाराला माहीत होतं. रात्री कोणी कुंपणाशी आलं, की तो आपलं ओलं नाक गंजीजवळच्या खाटेवर निजलेल्या उकंडाच्या नडगीला लावायचा. मग उकंडा उठून, "कोन हाय बे तिकडं," असं दणकून विचारायचा. महागावच्या भुरट्या चोरांमध्ये उकंडाच्या तिखट कानांचा मोठा दबदबा होता.

कुत्रा राजूरला गेला असता, तर पहिल्याच चोरीला चौकीदारीही गेली असती.

उकंडाने स्वतःच इलाज सुरू केला. पोट बिघडलंय, तर पोटाला आराम द्यावा. सोमवारी संध्याकाळची भाकर त्याने बंद केली. मंगळवारी पहाटे फौजदार दोनदा ओकला.

मग मात्र उकंडा त्याला दोरी बांधून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर धम्मरत्न तरुण होते, पण बैलांच्या गराड्यात बोलून बोलून त्यांचा आवाज इतका मोठा झाला होता की उकंडाला सगळं ऐकू आलं.

"जेवते कधी हा?"

"पाच वाजता. नलू घरी जाते तवा भाकर टाकते."

"मंग?"

"मंग सकाळी नऊले."

"म्हंजे सोळा घंटे उपाशी. पोटात काई नसलं का पित्त वर येते, मामा. तेच पिवळं. बाकी खाते, खेळते?"

"लोकायचे बैल पयवते."

"मंग घाबरू नका. जेवन वाढवू नका, वाटून द्या. त्यातलीच पाव भाकर निजताना, अन् उठल्याबरोबर दोन घास. रक्त दिसलं, नाई तर त्यानं खानंच सोडलं, तर लगेच इकडं आनजा."

"अन् गोळी?"

"गोळी कायले? भाकर द्या."

इतक्या लांब येऊन गोळी मिळाली नाही, म्हणून उकंडा थोडा हिरमुसला.

त्या रात्री फुलसावंगीची शेवटची एसटी गेली, तिच्या दिव्यांचा उजेड गंजीवर पडला. उकंडाने तीच निजायची वेळ धरली आणि जपून ठेवलेली पाव भाकर फौजदारापुढे ठेवली. पहाटे उठल्या उठल्या दोन घास दिले. बुधवारी चमचाभरच फेस निघाला.

दोन हजार पाचचा तो हंगाम. भाव पडलेला, मापाला उशीर, फाटकाबाहेर बैलगाड्या चार-चार दिवस उभ्या. गाडीवाल्यांकडे बोलायला नवं काही उरलं नव्हतं. त्यामुळे कुत्र्याची बातमी रांगेत शेवटपर्यंत पोचली होती. गुरुवारी उजाडता उजाडता चौथ्या गाडीतून किसनसिंगने मान बाहेर काढली.

"भाव नको सांगू, उकंडा. कुत्र्याचं सांग."

"साहेब पायतील," उकंडा म्हणाला. त्याने स्वतः गंजीकडे पाहिलंच नव्हतं. हिंमत होत नव्हती.

साहेब आले. गंजीच्या पायथ्याशी उकिडवे बसून चारही बाजूंनी सरकत फिरले. एका जागचा कापूस उचलून उजेडात धरला. मग जरा विचार करून वासही घेतला.

"पांढरा," साहेब म्हणाले.

किसनसिंगने तो शब्द मागच्या गाडीला दिला, तिने तिच्या मागच्या. शेवटच्या गाडीवर कोणीतरी शिट्टी मारली. नलूने झाडू भिंतीला टेकवून उकंडाकडे पाहत अंगठा वर केला. उकंडा खाटेवर बसला.

साहेब त्याच्याजवळ आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ते पाव भाकरीचं माणसाला चालतं का रे? मलाही पहाटे फार आंबट येतं."

ते उजव्या बाजूला होते. उकंडा समोर गंजीकडे बघत हसत राहिला.

साहेबांनी पुन्हा विचारलं. उकंडा तसाच.

तेव्हा फाटकापासचा फौजदार उठला, चालत आला आणि त्याने उकंडाच्या नडगीला नाक लावलं. उकंडा झटकन उभा राहिला.

"जी साहेब."

साहेबांनी कुत्र्याकडे पाहिलं. मग उकंडाच्या उजव्या कानाकडे. मग पुन्हा कुत्र्याकडे. उकंडाचं हसू ओसरलं.

साहेब वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेले.

"राजूरच्या ट्रकमध्ये जागा नाही," ते जरा मोठ्याने म्हणाले. "मी विचारलंय."

त्यानंतर उकंडाकडे काम असलं, की साहेब ऑफिसच्या दारात येऊन फौजदाराला हाक मारत. थोड्या वेळाने उकंडा यायचा.