खळ धुतल्यावर

जुम्म्याच्या नमाजानंतर लगेच मचवे परतीच्या आगबोटीकडे निघणार होते, आणि मीरासाबच्या बायकोला, ताजबीला, त्याच दिवशी पहाटे जेद्दात पटकीनं नेलं.

हजला निघताना कोल्हापुरात त्याच्या आईनं, चाँदबीनं, सुनेच्या हाती आपल्या कफनाचं गाठोडं दिलं होतं. सूत चाँदबीनं कातलेलं, कापड मीरासाबनं विणलेलं. मक्केत झमझमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून ते परत न्यायचं होतं, आणि तसं ते भिजवून झालंही होतं. म्हातारीला येणं जमणार नव्हतं. मातीत जाताना तरी ते पाणी अंगाला लागावं, एवढीच तिची इच्छा. ताजबी ते उशाशी घेऊन झोपायची. जाण्याआधी ती एवढंच म्हणाली, "अम्माच्या गाठोड्याला हात लावू नगासा. मला बाजारातलं चालतंय."

मीरासाबनं विलायती मांजरपाट आणला. पण विणकराच्या बोटांना खळ लगेच कळते. हे कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं.

"असलं खरखरीत तिच्या अंगाला लावू व्हय?"

"आरं, येळ कुठं हाय?" फक्रुद्दीन म्हणाला. शाहू महाराजांनी वसवलेल्या नव्या शाहूपुरीत त्याचं गुळाचं दुकान होतं. हजला दोघं सोबत आले होते. "मातीला काय, मऊ न् कडक सारखंच की."

मीरासाबनं ऐकलं नाही. गोड्या पाण्याची पखाल घेऊन तो मुसाफिरखान्याच्या गच्चीवर कापड धूत बसला. पाणी दुधासारखं झालं. दुसरंही, तिसरंही. घरी तो सुताला पेजेची खळ द्यायचा, ती एका पाण्यात निघायची. इथं वजन वाढवायला खळीत पांढरी माती मिसळलेली होती. उन्हात कापड बघता बघता वाळलं.

मय्यतीला आंघोळ घालणारी हैदराबादची म्हातारी ते घेऊन आत गेली आणि तशीच परत आली. तिनं कापड दुहेरी करून आपल्या हातावर पसरलं. खालच्या शिरा दिसत होत्या.

"यात झाकू कशी तिला, भाई? दुसरं आहे का?"

नमाजासाठी दुकानं बंद झाली होती. मीरासाब त्या जाळीकडे बघत राहिला. वीस वर्षं माग चालवलेला माणूस, पण खळ गेल्यावर सूत किती उरेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"न धुता दिलं असतंस तर..." फक्रुद्दीननं जीभ चावली.

मीरासाबनं गाठोडं आणलं. ताजबीनं मारलेली गाठ हातानं सुटेना, ती त्यानं दातांनी सोडवली.

दफन उरकून दोघं मचव्यात बसल्यावर फक्रुद्दीननं विचारलं,

"अम्माला काय सांगशील?"

"आदी ताजबीचं सांगतो. मग ती गाठोडं इचारायची न्हाय."

"आन् इचारलंच तर?"

मीरासाब किनाऱ्याकडे तोंड करून बसला. अम्माची माफी मागता आली असती, तिनं ती दिलीही असती. ताजबीनं त्याला जाताना एकच गोष्ट सांगितली होती, तीच त्याला पाळता आली नव्हती. जेद्दाची घरं लहान होत गेली, आणि ताजबीला पुरलं ती जागा किनाऱ्याच्या नेमक्या कुठल्या बाजूला, हेही त्याला ओळखता येईना.