गावोगावचा खोकला

तेल्याच्या अंगणात त्या सकाळी भांडण पेटलं ते सुनेच्या आईवरून. वाटेनं जाणारा कुंभार निरोप देऊन गेला होता, म्हातारी अंथरुणाला खिळलीय, डोळे दाराला लागलेत.

"मामंजी, दोन दिवस जाऊन येते," सून म्हणाली.

"जा की. घाणा कोण हाकणार?"

"हे आले की..."

"तो येईल तेव्हा येईल." तिचा नवरा तेल विकत गावोगाव हिंडायचा, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. "तीळ काय तुझ्या आईसाठी थांबणारेत?"

"आणि आई थांबेल?"

तेली खोकला. हा खोकला नीट ध्यानात ठेवा. आधी फुटका डबा बडवल्यासारखे दोन ठोके, मग लांब शिट्टी. दुसऱ्या कुणाच्या छातीत तो मावलाच नसता. तो खोकला की घरातला विषय संपायचा.

सून पुन्हा बैलामागं फिरायला लागली. बैलाच्या डोळ्यांवर कातड्याची झापड होती. आपण घाण्याभोवतीच फिरतोय हे त्याला कळायचंच नाही. बिचाऱ्याला वाटत असणार, कुठल्या कुठं पोचलो. सुनेला झापड नव्हती, म्हणून तिचा जीव घुसमटायचा.

त्याच रात्री तिनं बैल छकड्याला जुंपला. झापड काढली तर गडी पाऊल उचलेना. जन्मात उघड्या डोळ्यांनी चालला नव्हता तो. तिनं मुकाट्यानं पुन्हा बांधली, आणि छकड्यात चढते तोच मागून आवाज आला,

"कुठं निघालीस गं?"

सासू! काखेत उशी.

"आत्याबाई, मी... आईकडं."

"मग मधोमध काय बसलीस? सरक तिकडं."

"तुम्ही?"

"या घरात आल्यापासून रात्र मी छपराच्या भोकातून बघितलीय. पुरी कशी दिसते ते बघू दे की एकदा."

निघाल्या. चंद्र नव्हता. दिवसा धूळ उडवणारी वाट मांजरीसारखी पावलं दाबून चालली होती. ओल्या वाफ्यांचा वास अंगावर यायचा नि मागं राहायचा. चांदण्या इतक्या खाली आल्या होत्या, की डोक्याला लागतील म्हणून सासूनं मान वाकवली. आणि मी कमीच सांगतोय. बोललं तर हे सगळं विरून जाईल असं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं अंधारात घरं दिसली. कुणीतरी खोकलं.

"गाव आलं वाटतं," सून कुजबुजली. "इथंही कुणाचा तरी सासरा जागाय."

पुढं पुन्हा शेतं, पुन्हा चांदण्या. पुन्हा गाव. पुन्हा खोकला.

"याचीही छाती आमच्या ह्यांच्यासारखीच," सासू म्हणाली. "अख्ख्या मुलखात एकच रोग दिसतोय."

तिसऱ्या गावाला मात्र डब्याच्या ठोक्यांनंतर ती लांब शिट्टी अगदी स्पष्ट ऐकू आली. सासूनं कासरा ओढला.

"पोरी, हा मुलखाचा रोग नाही. हा माझा नवरा आहे."

बैलानं रात्रभर गावालाच घाणा समजून प्रदक्षिणा घातल्या होत्या. सून रडायला लागली. "संपलं. आता उजाडेल. जगात कुठंही गेलं तरी हेच अंगण!"

"रडू नकोस, तो उठेल. तुझ्या आईचं घर कुठंशी?"

"या आपल्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला."

सासूनं उशी सुनेच्या हातात दिली, पदर खोचला आणि खाली उतरली. बैल ज्या अंगाला वळायचा त्या अंगानं त्याच्या मानेला खांदा लावला. "जन्मभर याच्या मागं चाललेय. आज बाजूनं चालते."

असा रेटा देत तिनं बैल ओढ्याच्या खडकाळ पात्रात घातला नि पाण्याच्या आवाजाच्या धोरणानं सरळ वर नेला. उन्हं वर आली तेव्हा छकडा दारात.

आजारी म्हातारीनं डोळे उघडले. "आलीस? आणि ही कोण?"

"सासू."

"अगं, सासू घेऊन कुणी माहेरी येतं का!" म्हातारी इतकी हसली, की उठून बसली.

इकडे तेली जागा झाला. बैल नाही, बायको नाही, सून नाही. अंगणातून चाकांची ताजी चाकोरी बाहेर गेलेली. मान खाली घालून, चाकोरीवरची नजर न हलवता तो तरातरा निघाला. ओढ्याच्या खडकावर चाकाचा माग कुठून राहणार? मी गावकडेच्या माझ्या ओट्यावर दात कोरत बसलो होतो. तो पुढून गेला. थोड्या वेळानं पुन्हा गेला. ऊन तापल्यावर घामाघूम होऊन पुन्हा आला, तेव्हा मला राहवेना.

"तेलीबुवा, कुठवर?"

"लांब गेल्यात दोघी!" तो मान वर न करता ओरडला. "किती गावं पालथी घातली! आणि मेल्या प्रत्येक गावात ओट्यावर असाच एक आगाऊ म्हातारा बसलाय!"

मी तांब्या पुढं केला. म्हटलं, "पाणी पिऊन जा, पाहुणं. पुढचं गाव बरंच लांब आहे."